आधी ब्रेक, मग किल्ली

अमेरिकेत बीएमडब्ल्यूची नवी गाडी नोंदवणाऱ्यांसाठी एक सोय आहे, आणि डीलर तिच्याबद्दल आपणहून बोलेलच असं नाही. गाडी गावातल्या शोरूममधून न घेता साउथ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीर इथे, कंपनीच्या कारखान्याजवळच्या परफॉर्मन्स सेंटरमध्ये जाऊन ताब्यात घेता येते. तिथे आधी कंपनीच्याच गाड्या बंद ट्रॅकवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालवायला मिळतात. मग कारखाना बघायचा, आणि दिवस कलताना आपली गाडी घेऊन निघायचं.

अटलांटा आणि शार्लटमधल्या मराठी मंडळींना ग्रीर फारसं दूर नाही. हायवे 85 ने शार्लटहून दीड तास, अटलांटाहून अडीच तास. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधून येणारे विमानाने ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्गला उतरतात आणि परत जाताना गाडी चालवत नेतात.

मी ओळखीतल्या प्रत्येकाला हा दिवस घ्यायला सांगते, पण एक आग्रह धरून. बहुतेकांचा उत्साह असतो तो दिव्यांच्या झोतात उभ्या असलेल्या गाडीसमोर फोटो काढण्याचा. तो आनंद खराच आहे, तो घ्यावा. पण या दिवसाचं खरं मोल ट्रॅकवरच्या तासांत आहे, आणि त्यातही ब्रेकच्या धड्यात. आपण वर्षानुवर्षं गाडी चालवतो, पण पूर्ण ताकदीने ब्रेक दाबण्याची वेळ आपल्यावर क्वचित येते. येते तेव्हा समोर कोणीतरी आडवं आलेलं असतं, आणि तो क्षण शिकण्याचा नसतो. म्हणून दिवसाची आखणी अशी करा, की ट्रॅकवर तुम्ही ताजेतवाने आणि रिकाम्या डोक्याने उतराल. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्याच हिशेबाने.

सुरुवात गाडी नोंदवतानाच होते. डीलरच्या आवारात तयार उभी असलेली गाडी उचलण्यापेक्षा कारखान्यात मागणी नोंदवून घेतलेल्या गाडीचं काम सोपं असतं, कारण ती कुठे उतरवायची हे आधीच ठरवता येतं. तेव्हा किमतीची बोलणी सुरू होण्यापूर्वीच विक्रेत्याला सांगा, की डिलिव्हरी ग्रीरला हवी. व्यवहार तुमच्या डीलरशीच होतो: किंमत, कर्ज, जुन्या गाडीची वळती रक्कम, तुमच्या राज्याचा कर, सगळं तिथेच मिटतं. ग्रीरला पोचाल तेव्हा पैशाचा एकही प्रश्न शिल्लक नसावा. कार्यक्रमात काय काय धरलेलं आहे, म्हणजे हॉटेलची रात्र, जेवण, विमानतळावरून ने-आण, सोबत येणाऱ्याची सोय, हे वेळोवेळी बदलत आलेलं आहे. शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आठवणींवर विसंबू नका. तुमच्या तारखेला काय मिळणार ते लेखी मागून घ्या.

कागदांपैकी दोन स्वतः तपासा. पहिला विमा. नव्या गाडीचा चेसिस नंबर विमा कंपनीला आधी कळवा आणि डिलिव्हरीच्या दिवसापासून विमा चालू झाल्याचं कार्ड जवळ ठेवा. दुसरा लायसन्स. व्हिसावर राहणाऱ्यांच्या लायसन्सची मुदत अनेक राज्यांत व्हिसाच्या कागदांना बांधलेली असते. मुदतवाढीचा अर्ज पडून असतो आणि तेवढ्यात लायसन्स संपून जातं. मुदत संपलेलं लायसन्स घेऊन गेलात, तर ट्रॅकवरही बसता येणार नाही आणि गाडीही चालवत नेता येणार नाही. तारीख आज बघून घ्या.

नंबर प्लेटची एक बारीक गोष्ट आहे. जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलायना राज्यांत फक्त मागे प्लेट लागते. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया इथे पुढेही लागते. पुढच्या प्लेटची पट्टी बसवायची तर बंपरला भोकं पाडावी लागतात. तुमच्या राज्यात ती लागत नसेल, तर पट्टी बसवू नका असं डीलरमार्फत आधीच कळवा. पाडलेली भोकं पूर्वीसारखी बुजवता येत नाहीत.

आपली गाडी समोरच्याच कारखान्यात तयार झाली असेल, असं अनेक जण गृहीत धरतात. तसं असेलच असं नाही. ग्रीरच्या कारखान्यात एक्स मालिकेतल्या एसयूव्ही बनतात: एक्स 3, एक्स 5, एक्स 6, एक्स 7. सेडान घेणाऱ्याची गाडी जर्मनीतून किंवा मेक्सिकोतल्या सान लुइस पोतोसीच्या कारखान्यातून येते आणि ग्रीरला फक्त सुपूर्द होते. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून दिसणारा चेसिस नंबर वाचला की कळतं. ‘5यूएक्स’ने सुरू होत असेल तर गाडी इथलीच, ‘डब्ल्यूबीए’ असेल तर जर्मनीची, ‘3एमडब्ल्यू’ असेल तर मेक्सिकोची. दूरवरून येणाऱ्या गाडीला जहाज, बंदर आणि ट्रक असे टप्पे असतात, त्यामुळे तारीख पुढेमागे होऊ शकते. विमानाचं तिकीट बदलता येण्याजोगं घ्या, आणि गाडी ग्रीरला पोचल्याची खात्री होईपर्यंत रजा टाकू नका.

आदल्या संध्याकाळी पोचा. पहाटे उठून चार तास गाडी हाकत येणं आणि थेट ट्रॅकवर उतरणं यात शिकणं वाया जातं. ग्रीनव्हिल शहर देखणं आहे. रीडी नदीवरचा धबधबा गावाच्या अगदी मध्यात आहे आणि त्यावर 2004 मध्ये बांधलेला वक्राकार झुलता पूल आहे. तिथे तासभर फिरा, हलकं जेवा, लवकर झोपा. सकाळी पोट रिकामं ठेवू नका आणि गच्चही भरू नका. ओल्या मैदानावर गोल गोल घसरताना सर्वांत आधी तक्रार करतं ते पोटच. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी गाडी लागण्याची गोळी सोबत न्यावी, पण ती झोप आणणारी असेल तर स्वतः चालवण्याआधी घेऊ नये.

पायात पातळ आणि सपाट तळव्याचे, बंद बूट हवेत. जाड रबरी तळव्याच्या बुटातून पेडलचा अंदाज येत नाही, आणि चपला किंवा सँडल घालून ट्रॅकवरही चालत नाही, कारखान्यातही नाही. लांब ओढणी घरी ठेवा. चष्मा लागत असेल तर दूरचा चष्मा घाला. प्रोग्रेसिव्ह भिंगातून वळणाच्या टोकाकडे बघताना मान फार फिरवावी लागते.

आता ट्रॅक. परफॉर्मन्स सेंटर 1999 पासून चालू आहे. दिवसाची सुरुवात वर्गात होते, आणि पहिलाच धडा बसण्याचा असतो. आपल्यापैकी बरेच जण सीट इतकी मागे आणि पाठ इतकी तिरपी ठेवतात की हात ताठ होतात. प्रशिक्षक सांगतात ती पद्धत अशी: खांदे सीटला टेकलेले ठेवून हात पुढे करा, स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर मनगट टेकलं पाहिजे. ब्रेकचं पेडल तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. हे करून बघितलं की जाणवतं, की आपण इतके दिवस स्टिअरिंगला लोंबकळत होतो. ही सीट नंतर स्वतःच्या गाडीत तशीच लावा आणि तिची मेमरी साठवून ठेवा.

मग ब्रेक. एक सरळ पट्टा असतो, दोन्ही बाजूंना नारिंगी कोन. ठरलेल्या वेगाने यायचं आणि कोनांच्या रेषेवर पोचलं की पेडल लाथ मारल्यासारखं दाबून धरायचं. पायाखाली पेडल थरथरतं, कडकडकड असा आवाज येतो, सीटबेल्टने छाती मागे ओढली जाते. इथे बहुतेकांचा पाय आपोआप सैल पडतो, कारण काहीतरी मोडतंय असं वाटतं. मोडत काहीच नसतं. ती थरथर म्हणजे एबीएसचं काम: चाक जाम होऊ लागलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा आणि पुन्हा धरायचा, सेकंदाला अनेक वेळा. रेडिओवरून प्रशिक्षकाचा आवाज येतो, अजून जोरात, सोडू नका. मी शेजारच्या सीटवर बसून एका साठीच्या गृहस्थांना हे करताना पाहिलं. पहिल्या खेपेला त्यांनी अर्ध्यातच पाय उचलला, गाडी शेवटच्या कोनाच्या पुढे जाऊन थांबली. दुसऱ्या खेपेला त्यांनी कंबर सीटला रेटून पेडल दाबलं आणि गाडी कितीतरी आधी थांबली. गाडी तीच, वेग तोच, रस्ताही तोच. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, चाळीस वर्षं मी निम्मा ब्रेक वापरत आलो.

याच धड्याचा दुसरा भाग त्याहून मोलाचा. पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाच स्टिअरिंग फिरवून अडथळा चुकवायचा. एबीएस आहे ते याचसाठी. चाक जाम झालं की ते वळूच शकत नाही, फक्त घसरत राहतं. फिरत राहिलं तर वळतं. 1978 मध्ये बॉशने मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आजच्या रूपातली ही यंत्रणा बाजारात आणली. भारतात 2019 पासून सगळ्या नव्या मोटारगाड्यांना ती सक्तीची आहे, म्हणजे आता पुण्यातल्या छोट्या हॅचबॅकमध्येही ती असते. पण ती वापरण्याचा सराव आपल्याला कोणी दिलेला नाही. आरटीओच्या मैदानात आठ काढून आणि रिव्हर्स घेऊन आपल्याला लायसन्स मिळालं. अमेरिकेत आल्यावरच्या परीक्षेतही कोणी ब्रेक पूर्ण दाबायला लावला नाही.

वेगाचं गणित इथे अंगाला कळतं. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी 50 मैलांवरून 70 वर गेलात, तर वेग दीडपटही झालेला नसतो, पण ब्रेक लागल्यापासूनचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. त्यात तुमचा पाय पेडलपर्यंत पोचेस्तोवर गेलेलं अंतर वेगळं. हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. कोनांच्या रांगेतून आरपार गेल्यावर ते लक्षात राहतं.

त्यानंतर ओलं मैदान. गुळगुळीत गोल जागा, तिच्यावर सतत पाणी. याच सेंटरमध्ये डिसेंबर 2017 मध्ये योहान श्वार्ट्झ या प्रशिक्षकाने एम 5 गाडी सलग आठ तास आडवी घसरवत ठेवून सुमारे 374 किलोमीटरचा गिनीज विक्रम केला होता; चालत्या गाडीतच शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या गाडीतून इंधन भरलं जात होतं. तुम्हाला तसलं काही करायचं नाही. तुम्हाला शिकायचं आहे ते टायरच्या पकडीचं बजेट. प्रत्येक टायरकडे पकड ठराविक असते. ती ब्रेकला द्या, वळणाला द्या किंवा दोघांत वाटून द्या, पण एकूण वाढत नाही. वळणात पुढची चाकं घसरू लागली की गाडी सरळ बाहेर जाते, आणि घाबरलेला माणूस स्टिअरिंग आणखी वळवतो. त्याने पकड आणखी जाते. उपाय उलटा आहे: अॅक्सिलरेटर हळूच सोडा, स्टिअरिंग किंचित सरळ करा, पुढची चाकं जमीन धरतात, मग वळवा. हातात ती पकड परत येताना जाणवते. हलकं झालेलं स्टिअरिंग पुन्हा जड होतं. त्या जडपणाकडे लक्ष द्या, कारण रस्त्यावर तीच तुमची पूर्वसूचना असते.

मागची चाकं घसरली तर गोष्ट वेगळी. गाडीचं शेपूट बाहेर निघतं. तेव्हा जिकडे जायचं आहे तिकडे बघा, हात डोळ्यांच्या मागे आपोआप जातात. बघाल तिकडेच गाडी जाते, हे दिवसभर इतक्या वेळा सांगतात की कंटाळा येईल, पण ते तंतोतंत खरं आहे. कोनाकडे बघणारा कोन उडवतो. वळणाच्या शेवटाकडे बघणारा सुटतो. आधी स्थैर्य नियंत्रण यंत्रणा चालू ठेवून फेऱ्या होतात, मग प्रशिक्षक ती बंद करायला सांगतात. दोन्हींतला फरक मन लावून अनुभवा. चालू असताना यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून आणि इंजिनाचा जोर कमी करून गाडी रेषेवर आणते, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो. तो दिवा हायवेवर पावसात लुकलुकला, तर त्याचा अर्थ आता तुम्हाला कळलेला असेल: पकड संपत आली आहे, वेग उतरवा.

जून महिन्यात सुट्टीला घरी जाऊन बोरघाटातून किंवा आंबोलीतून गाडी चालवणाऱ्यांना हा धडा थेट उपयोगी पडतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून जो थर होतो, तो या मैदानाहून फार वेगळा नसतो.

घरातल्या दुसऱ्या चालकाबद्दल मला ठामपणे बोलायचं आहे. बहुतेक जोडपी येतात तेव्हा गाडी नवऱ्याच्या नावावर असते आणि ट्रॅकवर तोच बसतो. बायको काचेमागून फोटो काढते. पुढे मुलांना शाळेत आणि क्लासला सोडायला, पावसापाण्यात, तीच गाडी ती चालवणार असते. मग ब्रेकचा धडा तिने का घेऊ नये? नोंदणी करतानाच विचारा, की सोबत येणाऱ्या व्यक्तीला चालवता येईल का, आणि येत असेल तर वेळ निम्मी-निम्मी वाटून घ्या. जमत नसेल तर कंपनीचे एक दिवसाचे वेगळे अभ्यासवर्गही इथे पैसे भरून करता येतात; तो खर्च मिश्रधातूच्या मोठ्या चाकांवर घालवलेल्या पैशांपेक्षा सत्कारणी लागतो. कॉलेजला निघालेल्या मुलामुलींसाठी तर नक्कीच विचार करा. त्यांच्यासाठी खास वर्ग असतात.

प्रशिक्षकाच्या शेजारी बसून एम 5 सारख्या, एम मालिकेतल्या गाडीतला वेगवान फेरा मिळाला, तर घ्या, मजा येते. मानेचा स्पॉन्डिलायटिस, पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर स्पष्ट नाही म्हणा. भारतातून आलेले आईवडील सोबत असतील, तर त्यांना उत्साहाच्या भरात मागच्या सीटवर बसवू नका. त्यांना बसून बघता येईल अशी जागा आधी ठरवून ठेवा. ट्रॅकचा भाग त्यांच्यासाठी लांबतो.

कारखाना मात्र त्यांनाही आवडेल, चालण्याची तयारी असेल तर. 1994 मध्ये इथून पहिली गाडी बाहेर पडली. त्याआधी हा सगळा परिसर कापड गिरण्यांचा होता. गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि ज्यांनी मुंबईचं गिरणगाव ओस पडताना पाहिलं आहे, त्यांना या गावांच्या इतिहासात ओळखीचं काहीतरी सापडेल. फरक इतकाच, की इथे मागोमाग मोटारींचा कारखाना आला आणि त्यात आज अकरा हजारांहून अधिक माणसं काम करतात. आत एकाच रांगेत वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या देशांसाठीच्या गाड्या एकापाठोपाठ सरकत असतात, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्याही. प्रत्येकीच्या वाट्याचा भाग नेमका त्याच क्षणी तिच्याजवळ पोचतो, हे बघत राहावं. पुण्याजवळ चाकणला काम केलेल्या मंडळींना यात नवं काय असं वाटेल, तरी त्यांनीच सर्वांत जास्त प्रश्न विचारलेले मी ऐकले आहेत. आत फोटो काढता येत नाहीत. लहान मुलांना आत नेता येत नाही, वयाची अट नोंदणीच्या वेळीच विचारा. सुट्टीच्या काळात उत्पादन थांबलेलं असतं; तारीख ठरवताना कारखाना चालू आहे ना, हे पाहा.

डिलिव्हरीचा क्षण शेवटी येतो तेव्हा सगळे दमलेले असतात, आणि गाडी इतकी चकचकीत असते की दोष दिसत नाहीत. तरी दहा मिनिटं घ्या. रंग दिव्याच्या झोतात तपासता येत नाही, त्यासाठी गाडी बाहेर उजेडात घ्यायला सांगा आणि बाजूने, तिरप्या नजरेने पत्र्यावरून बघा. चारही चाकांच्या कडा, काचा, दारांच्या फटी. टायरवर ‘डीओटी’नंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार अंक बघा; पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा, कारण वाहतुकीत टायर फुगवून पाठवलेले असू शकतात. दोन किल्ल्या, कागद, डिकीतल्या वस्तू. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत जादा चाक नसतं. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर असतात. तुमच्या गाडीत काय आहे ते तिथेच विचारून घ्या, रात्री हायवेवर शोधायला लावू नका. जे काही दिसेल ते तिथल्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढा. गाडीतल्या पडद्यावरची शंभर वैशिष्ट्यं मात्र एका बैठकीत डोक्यात राहत नाहीत. फक्त चार गोष्टी पक्क्या करून निघा: दिवे, वायपर, फोन जोडणं आणि काचेवरचं धुकं घालवणं. बाकीचं घरी.

पूजेचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो, तेव्हा त्याचंही सांगते. हॉलच्या गुळगुळीत फरशीवर नारळ फोडू नका आणि चाकाखाली लिंबू चिरडू नका. तिथल्या लोकांना आधी सांगितलंत, तर हळदकुंकू आणि फूल वाहायला जागा आणि वेळ ते देतात, अडवत नाहीत. कुंकू थेट रंगावर लावू नका. पांढऱ्या रंगावर डाग राहू शकतो, आणि मॅट रंग असेल तर तो पॉलिश करून काढता येत नाही. कागदी स्वस्तिक किंवा काचेवर बोट टेकवणं पुरेसं. रीतसर वाहनपूजा अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या हिंदू मंदिरांत करून मिळते, घरी पोचल्यावर पहिल्या रविवारी करा.

इतर कंपन्यांकडेही असे कार्यक्रम आहेत. शेव्हरोले कॉर्व्हेट घेणाऱ्यांनी मागणीत ‘आर8सी’ हा पर्याय मागावा. गाडी केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात मिळते, आणि कॉर्व्हेट जिथे बनते तो कारखाना तिथून जवळच आहे. पोर्शेचं अटलांटा विमानतळाशेजारचं केंद्र 2015 मध्ये सुरू झालं, ट्रॅक तिथेही आहे. जर्मनीत राहणाऱ्यांना म्युनिकचं बीएमडब्ल्यू वेल्ट आणि पोर्शेचं लाइपझिग हे पर्याय आहेत. लाइपझिगला ट्रॅक कारखान्याला लागूनच आहे. अमेरिकेतून गाडी नोंदवून युरोपात ताब्यात घ्यायची आणि तिथे फिरायची, ही बीएमडब्ल्यूची जुनी योजना 2020 मध्ये बंद झाली. कोणी अजून ती सुचवत असेल, तर वेळ घालवू नका.

परतीचा प्रवास त्याच संध्याकाळी लांबचा ठेवू नका. न्यू जर्सी सातशे मैल आहे. दिवसभर ट्रॅकवर राहिलेल्या माणसाने रात्री ते सुरू करू नये. ग्रीनव्हिललाच आणखी एक रात्र राहा आणि सकाळी निघा.

निघाल्यावर पहिल्या 1,200 मैलांपर्यंत गाडी जपून रुळवायची असते. पेट्रोल इंजिन असेल तर साधारण मिनिटाला 4,500 फेऱ्यांच्या वर नेऊ नका, ताशी 100 मैलांच्या पुढे जाऊ नका, आणि एकच वेग तासन्‌तास धरू नका. टायरांना सुमारे 200 मैल आणि ब्रेकच्या डिस्कला सुमारे 300 मैल लागतात पूर्ण पकड यायला. म्हणजे आज ट्रॅकवर शिकलात तसा जोरदार ब्रेक उद्या तुमच्या गाडीत तितकाच लागेल असं धरू नका. पुढच्या गाडीपासून अंतर वाढवून ठेवा. क्रूझ कंट्रोल लावून हायवे 85 धरण्याऐवजी ॲशव्हिलकडे वळून ब्लू रिज पार्कवेवरून काही मैल जाण्याचा सल्ला मी देते. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी 45 मैल, रस्ता सारखा चढता-उतरता आणि वळणावळणाचा, इंजिनाला हवी तशी वेगाची चढउतार आपोआप होते. त्या रस्त्यावर पेट्रोल पंप नाहीत, टाकी आधी भरा. सप्टेंबर 2024 च्या हेलीन वादळात पार्कवेची मोठी हानी झाली होती, त्यामुळे कोणता पट्टा उघडा आहे हे राष्ट्रीय उद्यान खात्याच्या नकाशावर निघण्याआधी बघून घ्या.

एम गाडी घेतली असेल, तर 1,200 मैलांना रुळवणीनंतरची सर्व्हिस करायची असते, त्यात तेल बदलतात. ती वेळ तुमच्या डीलरकडे ग्रीरला निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा, कारण लांबून गाडी चालवत आणणाऱ्यांचे 1,200 मैल बऱ्याचदा पंधरवड्याच्या आत पूर्ण होतात आणि सर्व्हिसची तारीख त्यानंतरची मिळते.